घडीच्या चाकूंचा संग्रह आणि वर्षांगणिक बदलणारी आवड: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खिशात मावणारे चाकू जमवणारे लोक तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात. ते इथे सोप्यापासून अवघडापर्यंत लावले आहेत. एखाद्या मुद्द्याचं उत्तर दुसरीकडे सविस्तर आलं असेल, तर तिथला क्रमांक दिला आहे.

१. संग्रहासाठी ‘घडीचा चाकू’ नेमका कशाला म्हणायचं?

ज्याचं पातं मुठीत मिटतं आणि मिटल्यावर जो साधारण ६ ते १२ सेंमी भरतो, त्याला. पुढच्या उत्तरांत काही शब्द सारखे येतील. पात्याचा जो जाड बुंधा खिळ्याभोवती फिरतो तो टँग, आणि कंपनीचा छाप बहुतेक वेळा त्याच्यावरच असतो. मुठीच्या आतल्या पितळी किंवा स्टीलच्या पातळ पट्ट्या म्हणजे लायनर. मुठीच्या टोकांना बसवलेल्या धातूच्या टोप्या म्हणजे बोल्स्टर. पाठीला स्प्रिंग असते आणि पात्यावर नखाची खाच. लहान पात्याला इंग्रजीत ‘पेन ब्लेड’ म्हणतात, कारण ते पिसाची लेखणी तासण्यासाठी असायचं. आपल्याकडे बोरू तासायला चाकू लागायचा, त्याच कुळातलं हे काम.

२. सगळ्यांची आवड एकाच क्रमाने बदलते का?

क्रम माणसागणिक वेगळा असतो, कारणं मात्र बहुतेकांची सारखीच. पहिली एक-दोन वर्षं डोळा मोजत असतो: पाती किती, हत्यारं किती, चकाकी किती. पुढे स्टीलचं नाव आणि लॉकचा, म्हणजे उघडलेलं पातं अडकवून ठेवणाऱ्या रचनेचा, प्रकार यांचं वेड लागतं. मग हात बोलायला लागतो. स्प्रिंगचा ताण, पातं मिटतानाचा आवाज, मुठीची कड तळव्याला कुठे टोचते, हे सगळं कळू लागतं. त्यानंतर छाप, साल आणि गाव यांत जीव रमतो, आणि या टप्प्यावर संग्रहाची संख्या बहुधा कमी होते.

यातला प्रत्येक बदल नवीन काहीतरी दिसायला लागल्यामुळे होतो. स्प्रिंग आणि लायनर यांच्यातली फट एकदा ओळखता आली, की कालपर्यंत लाडका असलेला चाकू आज हातात घ्यावासा वाटत नाही. चाकू तोच असतो, नजर तयार झालेली असते. त्यामुळे आधीची खरेदी चुकली असं मानायचं कारण नाही. त्या चाकवांनीच ही नजर तयार केलेली असते.

३. सुरुवातीला जास्त हत्यारांचा स्विस चाकूच का आवडतो, आणि पुढे तो मागे का पडतो?

एकाच वस्तूत कात्री, करवत, भिंग आणि स्क्रूड्रायव्हर मिळतात, किंमत आवाक्यात असते आणि दर्जा एकसारखा असतो. कार्ल एल्सनर यांनी स्वित्झर्लंडमधल्या इबाख गावी १८८४ मध्ये कारखाना सुरू केला, तीच आजची व्हिक्टोरिनॉक्स कंपनी. १८९१ मध्ये ते स्विस सैन्याला चाकू पुरवू लागले आणि १८९७ मध्ये ‘ऑफिसर’ चाकूची नोंदणी झाली. आजचा लाल चाकू याच वंशातला. पहिल्या चाकूसाठी याहून चांगली निवड आम्हाला माहीत नाही.

मागे पडतो तो वजनामुळे. याच कंपनीच्या ‘स्विसचॅम्प’मध्ये ३३ कामं होतात, पण त्याचं वजन सुमारे १८५ ग्रॅम भरतं. खिसा ओढला जातो आणि चाकू घरीच राहायला लागतो. एक प्रयोग करून पाहा. ३० दिवस वहीत रोज एक रेघ ओढा, कुठलं हत्यार उघडलं त्यापुढे. बहुतेकांच्या वहीत मोठं पातं आणि एखादा स्क्रूड्रायव्हर, एवढ्यांपुढेच रेघा भरतात. हे लक्षात आलेला माणूस ९१ मिमीच्या जाड चाकूवरून ८४ मिमीच्या ‘कॅडेट’कडे किंवा ९३ मिमीच्या ‘पायोनियर’कडे वळतो. कॅडेट ५० ग्रॅमच्याही आत आहे. या दोघांची मूठ ॲलॉक्सची, म्हणजे नक्षी दाबून ॲनोडाइज केलेल्या ॲल्युमिनियमची असते. ती प्लास्टिकपेक्षा पातळ असते आणि लवकर तडकत नाही.

४. महागड्या स्टीलचं वेड किती दिवस टिकतं?

आमच्या पाहण्यात साधारण तीन-चार वर्षं, म्हणजे धार स्वतः लावायची वेळ येईपर्यंत. २००१ मध्ये आलेलं एस-३०-व्ही घ्या. त्यात सुमारे ४ टक्के व्हॅनेडियम असतं. व्हॅनेडियमचे कार्बाइड, म्हणजे व्हॅनेडियम आणि कार्बन यांचे बारीक कण, फार कठीण असल्यामुळे धार खूप दिवस टिकते. पण हे कण साध्या ॲल्युमिनियम ऑक्साइडच्या दगडापेक्षाही कठीण असतात. दगड भोवतीचं स्टील झिजवतो आणि कण तसेच राहतात. तासभर घासूनही धार हवी तशी येत नाही, आणि माणूस हाताला किंवा दगडाला दोष देतो. अशा स्टीलला डायमंड प्लेट, म्हणजे हिऱ्याचे कण बसवलेली पट्टी, लागते: आधी ४०० नंबरची, मग १००० नंबरची.

याउलट १०९५ हे साधं कार्बन स्टील. कार्बन सुमारे ०.९५ टक्के आणि मोठे कार्बाइड नाहीत. कुरुंदाच्या बारीक दगडावर पाच मिनिटांत त्याला दाढीच्या पात्यासारखी धार येते. ती लवकर जाते, पण लवकर परतही येते. धार लावणं हाच आनंदाचा भाग झाला, की माणूस अशा स्टीलकडे वळतो. भाजी-फळं, दोरी आणि पाकिटं एवढंच कापायचं असेल तर ४२०एचसी किंवा स्विस चाकूचं मऊसर स्टेनलेस आयुष्यभर पुरतं. गंजाचा हिशेब वेगळा, तो प्रश्न ११ आणि १२ मध्ये आहे.

५. लॉकचे चाकू सोडून लोक पुन्हा बिनलॉकच्या जुन्या धाटणीकडे का जातात?

लॉकचं आकर्षण यंत्राचं आहे. ओपिनेल या फ्रेंच कंपनीची फिरती कडी १९५५ मधली, बक कंपनीचा ११० हा पाठलॉकचा, म्हणजे मुठीच्या पाठीवर दाबून सोडवायच्या लॉकचा, चाकू १९६४ मधला. लायनरच पात्यामागे सरकून बसेल अशी रचना मायकेल वॉकर यांनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला रूढ केली. पात्याला गोल भोक आणि मुठीला खिशाची क्लिप असलेला स्पायडरको कंपनीचा पहिला चाकू १९८१ चा. चारही रचना हातात घेऊन समजून घेण्यासारख्या आहेत.

पण लॉकच्या चाकूत बरंचसं काम मशीनचं असतं. बिनलॉकच्या चाकूत, म्हणजे स्लिपजॉइंटमध्ये, पातं फक्त पाठीच्या स्प्रिंगच्या दाबावर उभं राहतं. टँगचा आकार, स्प्रिंगचा बाक आणि खिळ्याची जागा यांत केसभर फरक पडला तरी हाताला कळतो. कारागिराचं कसब इथे लपून राहत नाही, आणि जाणत्या संग्राहकाला तेच पाहायचं असतं. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात अडकित्ते पाहताना नजर आधी मोर-घोड्यांच्या नक्षीवर जाते, पण थोडं थांबलं की ती जोडाच्या खिळ्यावर येते. चाकवांचंही असंच होतं.

एक सावधगिरी: स्लिपजॉइंटने भोसकून भोक पाडू नका आणि पात्याच्या पाठीवर ठोकू नका. पातं बोटांवर मिटतं.

६. चाकू हातात आल्यावर नेमकं काय तपासायचं?

या क्रमाने तपासा, पाच मिनिटं लागतात.

मिटलेला चाकू खिडकीच्या उजेडात पाठीकडून पाहा. स्प्रिंग आणि लायनर यांच्यातून उजेड दिसतो का? नेहमीच्या झेरॉक्स कागदाची जाडी सुमारे ०.१ मिमी असते. त्याची कड फटीत शिरली, तर फट मोठी आहे. तिथे घाम आणि धूळ साठते आणि आतून गंज लागतो.

आता समोरून पाहा. पातं दोन्ही लायनरच्या मधोमध आहे का? एका बाजूला घासत असेल तर उघडल्यावर पात्यावर बारीक आडवी रेघ दिसेल.

मग पातं हळू उघडा. काही चाकवांत पातं काटकोनात एकदा थांबतं, काहींत सरळ उघडतं. दोन्ही योग्य आहेत. मिटलेला, अर्धा उघडलेला आणि पूर्ण उघडलेला, अशा तिन्ही स्थितींत अंगठा पाठीवरून फिरवा. स्प्रिंग वर आली किंवा आत बसली तर पायरी लागते. तिन्ही ठिकाणी सपाट लागणारा चाकू दुर्मीळ असतो. असा मिळाला तर किमतीवरून फार घासाघीस करू नका.

उघडलेल्या पात्याची पाठ चिमटीत धरून डावी-उजवीकडे, मग वर-खाली हलवून पाहा. बाजूला किंचित हलणं जुन्या चाकूत चालतं, वर-खाली हलणं चालत नाही. तसं होत असेल तर टँग किंवा स्प्रिंग झिजलेली आहे आणि ती घरी दुरुस्त होत नाही.

शेवटचं सर्वांत महत्त्वाचं. धारेची बाजू दिव्याखाली आपल्याकडे करून पाहा. धारेवर एकाच जागी चमकणारा ठिपका दिसला, तर मिटताना धार स्प्रिंगवर आपटते आहे. टँगच्या खालच्या उंचवट्याला किक म्हणतात. पातं स्प्रिंगपासून वर ठेवणं हे तिचं काम. वर्षानुवर्षं ‘खट्’ आवाजासाठी पातं सोडून मिटवल्यामुळे किक दबते, किंवा कोणीतरी ती जास्त घासलेली असते. असा चाकू घ्यायचाच असेल तर बोटाच्या आधाराने सावकाश मिटवायचा.

७. मुठीच्या साहित्याची आवड कुठून कुठे जाते?

बहुतेकांची रंगीत प्लास्टिक आणि कार्बन फायबरपासून हाड, लाकूड आणि शिंपल्याकडे. गुरांच्या नडगीचं हाड सर्वांत जास्त वापरलं जातं. त्यावर मशीनने खाचा पाडतात, त्या मुळात सांबराच्या शिंगाची नक्कल म्हणून सुरू झाल्या. हाड वापरता वापरता गुळगुळीत होतं, रंग गडद होतो आणि प्रत्येकाच्या हातात वेगळं मुरतं. प्लास्टिकला हे जमत नाही. मायकार्टा, म्हणजे कापडाचे थर राळेत दाबून केलेली पट्टी, दमट हवेत सर्वांत निर्धोक.

सांबरशिंगाचा मोह भारतात आवरायला हवा. जगभरातल्या चांगल्या ‘स्टॅग’ मुठींचं शिंग एके काळी भारतातून जायचं. १९९० च्या दशकाच्या अखेरीस ही निर्यात बंद झाली आणि जुन्या स्टॅग चाकवांच्या किमती चढल्या. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे सांबर-चितळाची शिंगं आणि हस्तिदंत यांची खरेदी-विक्री आपल्याकडे गुन्हा आहे. शिंग आपोआप गळून पडलेलं असलं तरीही. घरात वारशाने आलेली वस्तू असेल तर विकण्याचा विचार करण्याआधी वन विभागाकडे चौकशी करा.

८. जुन्या चाकूची मूठ तडकते आहे आणि शेजारचे चाकू गंजतायत. असं का होतं?

मूठ सेल्युलॉइडची आहे. हे नायट्रोसेल्युलोज आणि कापूर यांचं प्लास्टिक. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातल्या मोतिया, कासवाच्या पाठीसारख्या किंवा रंगीत लहरींच्या मुठी बहुतेक याच्याच असतात. जुनं झालं की ते कुजतं आणि त्यातून नायट्रोजनचे ऑक्साइड बाहेर पडतात. हवेतल्या ओलाव्याशी त्यांचं नायट्रिक आम्ल होतं. आधी लायनरच्या पितळेवर हिरवं दिसतं, मग पात्याचा मुठीजवळचा भाग लाल होतो, आणि डब्यातल्या इतर चाकवांनाही झळ लागते.

डबा उघडताच कापराचा किंवा झोंबणारा वास आला तर त्याच दिवशी तो चाकू वेगळा काढा. सेल्युलॉइड हवाबंद डब्यात कधीही ठेवू नका, वायू कोंडून कुजणं वाढतं. उघड्या ट्रेमध्ये, सावलीत आणि इतरांपासून लांब ठेवा. ते झटकन पेट घेतं, म्हणून देवघर आणि गॅसपासूनही दूर. कुजायला लागलेली मूठ वाचवता येत नाही. पाती वाचवायची तर मूठ काढावी लागते. स्विस चाकवांची लाल मूठ सेलिडोर नावाच्या वेगळ्या प्लास्टिकची असते, तिला हा धोका नाही.

९. जुन्या चाकूचं साल कसं ओळखायचं?

टँगवरच्या छापावरून. भिंग आणि बाजूने पडणारा उजेड पुरेसा असतो. तीन पद्धती शिकून घेण्यासारख्या आहेत.

अमेरिकेतल्या ब्रॅडफर्ड गावची केस कंपनी. १९४० ते १९६४ या काळातल्या चाकवांवर ‘केस’ आणि त्यानंतर दोन एक्स, १९६५ ते १९६९ मध्ये त्याखाली ‘यूएसए’. १९७० मध्ये खाली दहा ठिपके आले आणि दर वर्षी एक कमी होत गेला. म्हणजे सहा ठिपके असतील तर १९७४, एकच असेल तर १९७९. झिजलेला ठिपका न दिसल्यामुळे साल एखाद्या वर्षाने चुकतं, म्हणून दोन्ही पात्यांवर मोजा. याच कंपनीचे नमुना क्रमांकही वाचता येतात. ६२५४ मधला ६ म्हणजे हाडाची मूठ, २ म्हणजे दोन पाती, ५४ म्हणजे ट्रॅपर हा आकार.

स्विस सैनिकी चाकू. १९६१ चा ॲलॉक्स नमुना २००८ पर्यंत चालला. त्याच्या टँगवर सालाचे शेवटचे दोन आकडे असतात. ‘७८’ म्हणजे १९७८. इबाखच्या कारखान्याप्रमाणे डेलेमोंच्या वेंगर कंपनीनेही हे चाकू केले, त्यामुळे एकाच सालाची जोडी जमवता येते. मर्यादित खर्चात पूर्ण होऊ शकणाऱ्या संग्रहांत हा आमचा सर्वांत आवडता.

शेफील्डचे चाकू. नुसतं ‘शेफील्ड’ नसून पुढे ‘इंग्लंड’ही असेल, तर चाकू बहुधा १८९० नंतरचा. अमेरिकेच्या त्या वर्षीच्या आयात कायद्याने मालावर देशाचं नाव बंधनकारक केलं. हा पक्का पुरावा नाही, पण सुरुवात करायला चांगला. तारा आणि माल्टीज क्रॉस ही जोडखूण जोसेफ रॉजर्स कंपनीची.

१०. ‘जुना, अस्सल’ म्हणून विकला जाणारा चाकू जुळवलेला आहे हे कसं कळतं?

खिळ्यांकडे पाहा. एका खिळ्याचं डोकं बाकीच्यांपेक्षा चकचकीत किंवा आजूबाजूला हातोडीच्या खुणा असतील, तर चाकू उघडून जोडलेला आहे. मोठ्या आणि लहान पात्याचा रंग फार वेगळा असेल तर एक पातं दुसऱ्या चाकूचं असू शकतं. सगळीकडे एकसारखा करडा रंग म्हणजे बहुधा आम्लात बुडवलेलं पातं. खरा रंग ठिकठिकाणी वेगळा असतो. पातं मिटल्यावर त्याचं टोक मुठीबाहेर डोकावत असेल तर धार लावून लावून पातं झिजलेलं असू शकतं. आणि पात्याच्या रुंदीची तुलना त्याच नमुन्याच्या न वापरलेल्या चाकूच्या फोटोशी केल्याशिवाय ‘पातं पूर्ण आहे’ या शब्दांवर विसंबू नका.

लायोल चाकवांबाबत वेगळी काळजी. लायोल हे फ्रान्समधल्या आव्हेरों भागातलं गाव, पण ते नाव दीर्घकाळ कुणाच्याही एकट्याच्या मालकीचं नव्हतं. स्प्रिंगवर माशी आहे म्हणून चाकू त्या गावचा ठरत नाही. तिथले आणि तिएर गावचे कारखाने चांगले चाकू करतात, त्यामुळे कारखान्याचं नाव पाहा.

११. पात्यावरचा काळपट थर काढावा का?

करडा, निळसर किंवा काळा थर ठेवा. तो घट्ट ऑक्साइड असतो आणि खालच्या स्टीलला थोडं संरक्षण देतो. काढायचा तो लाल-तपकिरी गंज, कारण तो सच्छिद्र असतो, ओल धरतो आणि खोल जातो. लिक्विड पॅराफिनचे दोन थेंब टाकून रात्रभर ठेवा. सकाळी बांबूच्या काडीने खरवडा आणि सुती कापडाने पुसा. राहिलं तर ०००० नंबरची स्टील वूल तेलात भिजवून अगदी हलक्या हाताने, पात्याच्या लांबीच्या दिशेने फिरवा. टँगवरच्या छापाला हात लावू नका. मशीनच्या बफने चकाकी आणलेल्या जुन्या चाकूची संग्राहकांतली किंमत बहुधा निम्म्याखाली येते. सुरुवातीला चकाकी आवडते आणि पुढे हाच थर आवडायला लागतो, त्यामुळे पहिल्या दोन वर्षांत काहीही पॉलिश न करणं शहाणपणाचं.

१२. कोकणात किंवा मुंबईत पावसाळ्यात चाकू कसे सांभाळायचे?

मृगाच्या आधी एक रविवार यासाठी ठेवा. प्रत्येक चाकू उघडून फटीतली धूळ दातकोरणीने काढा, कोरड्या कापडाने पुसा. सांध्यात एक थेंब आणि पात्यावर अगदी पातळ हात, इतकंच लिक्विड पॅराफिन लावा. ते औषधांच्या दुकानात मिळतं आणि फळ कापताना पोटात गेलं तरी चालतं. शेंगदाणा किंवा करडईचं तेल काही महिन्यांत चिकट होतं आणि सांधा जाम करतं. खोबरेल थंडीत गोठतं.

चाकू सुती कापडात गुंडाळून हवाबंद डब्यात ठेवा. ५ लिटरच्या डब्याला ५० ग्रॅम सिलिका जेल पुरते. तिचा रंग बदलला की सुमारे १२० अंशांवर ओव्हनमध्ये दीड-दोन तास तापवून पुन्हा वापरा. डब्यात छोटा आर्द्रतामापक ठेवा. ४५ ते ५५ टक्के उत्तम. ६० च्या वर गंज झपाट्याने वाढतो. फार कोरडं केलं तर हाड आणि लाकूड तडकतं, म्हणून जेल भरमसाट घालू नका. कातडी म्यानात चाकू ठेवू नका. कातडं ओल धरतं आणि कमावतानाची रसायनं पितळेवर हिरवा थर आणतात. म्यान शेजारी, वेगळं. सेल्युलॉइड या डब्यात चालत नाही, प्रश्न ८ पाहा.

१३. पावसाळ्यात ओपिनेल उघडतच नाही. बिघडला का?

नाही, लाकूड फुगलंय. बीचची मूठ ओल पिते आणि पात्याला दोन्ही बाजूंनी आवळते. कडी मोकळी करून मुठीची मागची टाच टेबलाच्या कडेवर ठोका, पातं थोडं बाहेर येतं. फ्रान्सच्या साव्होय भागातली ही जुनी युक्ती आहे. नंतर चाकू उघडा ठेवून दोन-तीन दिवस सावलीत वाळवा. उन्हात किंवा ड्रायरने वाळवला तर मूठ तडकते. तरीही घट्ट असेल तर पॉलिश पेपरची घडी खाचेत घालून आतून हलकं घासा आणि मेण चोळा.

१४. चांगला चाकू वापरावा की जपून ठेवावा?

दोन्ही, पण वेगवेगळे. ज्याच्यासोबत मूळ डबा-कागद आहेत, ज्याला एकदाही धार लावलेली नाही आणि जो आता बनत नाही, तो जपा. बाकीचे वापरा. वापरल्याशिवाय हाताची आवड तयारच होत नाही. कार्बन स्टीलने कैरी, लिंबू किंवा आवळा कापला तर काही मिनिटांत पातं काळवंडतं. त्यात बिघाड काही नाही, मात्र कापून झाल्यावर लगेच धुऊन पुसा, नाहीतर त्याच जागी खड्डे पडतात. हाडाची मूठ पाण्यात भिजत ठेवू नका.

१५. आवड बदलली की आधीचे चाकू लगेच विकावेत का?

वर्षभर थांबा. नव्या आवडीच्या पहिल्या सहा महिन्यांत जुनं सगळं नकोसं वाटतं, आणि तेव्हा विकलेलं परत मिळत नाही. नको असलेले चाकू तारीख लिहून वेगळ्या डब्यात ठेवा. वर्षभरात जे आठवले नाहीत ते विका.

तीन प्रकार मात्र विकू नका: पहिला चाकू, भेट मिळालेला चाकू, आणि उत्पादन बंद झालेला चाकू. वेंगरचं उदाहरण घ्या. कंपनी २००५ मध्ये व्हिक्टोरिनॉक्सने घेतली आणि २०१३ मध्ये चाकवांवरून तिचं नाव काढायचं ठरलं. तोवर ‘दुसऱ्या नंबरचे’ म्हणून स्वस्तात गेलेले चाकू लोक नंतर शोधत फिरले.

विकताना दोष फोटोसह सांगा. पात्यावर स्वतः धार लावली असेल तर तेही.

१६. संग्रह आटोपशीर करायचा आहे. हद्द कशी आखू?

एक निकष घ्या आणि तो वहीच्या पहिल्या पानावर लिहा. आकार, गाव, साल किंवा साहित्य, यांपैकी एकच. ओपिनेलने १८९७ मध्ये १ ते १२ असे आकार ठरवले, पुढे १ आणि ११ बंद झाले. उरलेले दहा जमवले की संच पूर्ण होतो. किंवा जपानच्या मिकी गावचा हिगोनोकामी: वाकवलेल्या पत्र्याची मूठ, एक पातं आणि अंगठ्याने दाबायची शेपटी. ना स्प्रिंग, ना लॉक. एवढ्या साध्या रचनेतही पात्याचे आणि मुठीचे अनेक प्रकार सापडतात.

नोंदवहीत मिटलेली लांबी मिलिमीटरमध्ये, वजन, छापाचा शब्द न् शब्द, खरेदीची तारीख-किंमत आणि एक ओळ ‘का घेतला’ हे लिहा. ती शेवटची ओळ दहा वर्षांनी सर्वांत जास्त उपयोगी पडते. आवड कुठे वळली ते तिथेच दिसतं.

१७. भारतात असा संग्रह कायदेशीर आहे का? रामपुरी ठेवता येतो का?

शस्त्र कायदा १९५९ आणि त्याखालच्या नियमांनुसार ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याची धारदार हत्यारं शस्त्रांत मोडतात. घरगुती, शेतीच्या, शास्त्रीय किंवा औद्योगिक कामासाठी बनवलेली सोडून. नेहमीचे घडीचे चाकू या मापांच्या खूप आत असतात. घरात ठेवणं आणि बरोबर बाळगणं यांत मात्र फरक करा. महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७(१) खाली मनाई आदेश निघतात, तेव्हा सार्वजनिक ठिकाणी चाकू बाळगायलाही मनाई होऊ शकते. सण, मोर्चे आणि निवडणुकांच्या दिवसांत चाकू घरीच ठेवा. विमानात तो फक्त चेक-इन सामानात जातो. मेट्रोत नेऊ नका.

रामपुरी, म्हणजे रामपूरचा खटक्याचा चाकू, कारागिरी म्हणून पाहण्यासारखा आहे. पण बटणाच्या चाकवांवर काही ठिकाणी वेगळे आणि कडक निर्बंध आहेत. स्थानिक नियम वकिलाकडून समजून घेतल्याशिवाय घेऊ नका आणि परदेशातून असे चाकू मागवू नका.

१८. वय झालं, नखं तुटतात, ताठ स्प्रिंगचे चाकू उघडवत नाहीत. आता काय?

आधी चाकूच तपासा. जुनं तेल घट्ट झालेलं असतं. सांध्यात थोडं रॉकेल सोडा, वीस-पंचवीस वेळा उघडझाप करा, पुसा, मग ताजं तेल द्या. अनेक ‘ताठ’ चाकू एवढ्यानेच मोकळे होतात. सेल्युलॉइडच्या मुठीवर हा उपाय करू नका. नखाऐवजी गिटारचं पातळ प्लास्टिकचं पिक खाचेत घालून पातं वर काढा. पक्कड कधीही लावू नका, खाचेची कड चेपते.

नवीन घेताना लांब खाच असलेला, किंवा मुठीला अर्धगोल कापा असलेला चाकू बघा, त्यात पात्याची पाठ चिमटीत धरता येते. ओपिनेलला पाठीची स्प्रिंगच नसते, त्यामुळे कोरड्या हवेत तो सहज उघडतो. गोल भोकाचे चाकू अंगठ्याने उघडतात. डोळ्यांनी छाप वाचता येत नसेल तर मोबाइलने बाजूच्या उजेडात फोटो काढून मोठा करून पाहा. ज्यांनी वीस वर्षं ताठ स्प्रिंगचे चाकू शोधले, ते साठीनंतर हलक्या सांध्याचे चाकू शोधू लागतात. त्यांची वही उघडून पाहिली, तर पहिल्या पानांवरचे काही हलके चाकू बहुधा अजून घरातच असतात. नवीन घेण्याआधी ते काढून, तेल देऊन, पुन्हा हातात घेऊन पाहा.